पाव वळसा

जी चूक चारचौघांना दिसते, ती सुधारणे फारसे अवघड नसते. चारचौघांचे डोळेच माणसाकडून ते काम करवून घेतात. खरी कसोटी लागते ती जिला आपल्यावाचून दुसरा साक्षीदार नाही, अशा चुकीपाशी. तेथे न्यायासनावर आपणच बसलेलो असतो आणि पिंजऱ्यातही आपणच उभे असतो. त्या सकाळी शस्त्रक्रियागृहात सूक्ष्मदर्शकावर वाकलेल्या डॉक्टरबाईंवर नेमका हाच प्रसंग यायचा होता. मात्र त्या क्षणी त्या श्वास रोखून दोन थेंब सोडत होत्या.

एका दांड्याला जोडलेल्या दोन सिरिंज त्यांच्या हातात होत्या. एकीत रोग्याच्याच रक्तातून काढलेले, गोठण्याचा गुण असलेले द्रव्य होते; दुसरीत त्याला गोठवणारे. दोन्ही थेंब कापलेल्या मज्जातंतूच्या सांध्यावर एकत्र आले, क्षणभर चकाकले आणि त्यांचा पातळ, पारदर्शक पापुद्रा धरू लागला.

"अठ्ठावन्न, एकोणसाठ, साठ," सिस्टरांनी मोजणी संपवली.

हिरव्या पडद्यापलीकडून, जेथे रोग्याचे डोके होते, तेथून आवाज आला.

"लागला का सरस, ताई?"

"लागला, काका. हलू नका."

"हात माझा असता तर हललो असतो."

भूलतज्ज्ञ हसले. काखेत सुई देऊन त्यांनी उजवा हात तेवढा बधिर केला होता. तो हात सोडला, तर बाइंडरकाका पूर्ण जागे होते आणि सकाळपासून त्यांची गंमत चालू होती. साठी उलटलेले हे गृहस्थ चाळीस वर्षे पुस्तके बांधत आले होते. चार दिवसांपूर्वी दुकानातल्या कपाटाची काच निखळून मनगटावर आली. स्नायुबंध बचावले; पण अंगठ्याला आणि शेजारच्या दोन बोटांना जाग देणारा मज्जातंतू आरपार तुटला. कागद हाताला लागेनासा झाला. जाड कोणता, पातळ कोणता, हे ज्या बोटांना अंधारातही कळे, ती बोटे आता दुसऱ्या कुणाची तरी असल्यासारखी मनगटाला नुसती लटकत होती.

त्यांनी विश्वासाने डॉक्टरबाईंचा हात धरला होता, त्याला कारण होते. नऊ वर्षांपूर्वी बाईंचा प्रबंध त्यांनीच बांधला होता, आणि तो याच जैविक गोंदावर होता. आदल्या दिवशी वॉर्डात बाईंनी सारी पद्धत समजावून सांगितली, तेव्हा काकांनी आपल्या व्यवसायातला नियम ऐकवला होता: सरस, म्हणजे बांधणीचा गोंद, पानांच्या मध्ये कधी घालायचा नाही; पाने आधी ठोकून सारखी करायची आणि मग पाठीवरून सरस फिरवायचा. मध्ये गेला की पुस्तक उघडत नाही. बाईंना हसू आले होते, कारण त्यांचाही नियम तोच होता. गोंद दोन टोकांच्या मध्ये शिरला, तर वरून फुटणाऱ्या नव्या तंतूंची वाट अडते.

भिंतीवरच्या पडद्यावर सांधा कित्येक पटींनी मोठा होऊन दिसत होता. त्यासमोर हात मागे बांधून सर उभे होते. बाईंना सुई धरायला त्यांनी शिकवले होते. केसाहून बारीक धाग्याने मज्जातंतू शिवण्यात त्यांची हयात गेली होती, आणि चिकटवण्याच्या या प्रकाराकडे त्यांनी नेहमी नाक मुरडले होते.

"छान बसलंय गं," सर म्हणाले. "माझ्या धाग्याला लाजवलंस."

पंधरा वर्षांत सरांच्या तोंडून 'छान' हा शब्द बाईंनी ऐकला नव्हता. सूक्ष्मदर्शकामागे त्यांचे कान तापले.

"दंडाचा पट्टा सोडा," त्या म्हणाल्या.

शस्त्रक्रिया कोरडी व्हावी म्हणून दंडाला आवळलेल्या पट्ट्यातली हवा निघाली. फिकट पडलेल्या हातात रक्त परतले, बोटांची टोके गुलाबी झाली. सर हातमोजे काढायला दाराकडे वळले.

आणि बाईंना ती दिसली. मज्जातंतूच्या वरच्या तुकड्यावर, बाजूला, एक बारीक रक्तवाहिनी भरून आली होती. इतका वेळ रिकामी असल्याने ती दिसतच नव्हती. खालच्या तुकड्यावरही तशीच एक भरली. तुटण्याआधी ती एकच वाहिनी असणार, सरळ खाली गेलेली. आता मात्र सांध्यापाशी ती तुटत होती आणि पाव वळसा पलीकडे सरकून पुन्हा सुरू होत होती.

टोके ताजी करताना, म्हणजे त्यांची चिरडलेली कड चकतीसारखी छाटताना, बाईंनी जुळवणीसाठी दिलेले खुणेचे ठिपकेही तिच्याबरोबरच छाटून टाकले होते. नंतर पट्ट्याचा वेळ संपत आला, म्हणून एका दुसऱ्याच, फसव्या शिरेवर भरवसा ठेवून टोके जुळवली. मज्जातंतू म्हणजे एक दोर नव्हे. आत अनेक जुडगे असतात आणि प्रत्येकाचे गाव ठरलेले असते. वरून फुटलेला अंगठ्याचा तंतू आता मधल्या बोटाच्या वाटेने निघणार होता. वर्षभराने काकांच्या अंगठ्याला कागद लागेल आणि मेंदू म्हणेल, मधल्या बोटाला लागला. किंवा काहीच म्हणणार नाही.

सांधा पडद्यावर सर्वांपुढे होता. तरी कुठे पाहायचे, हे एकट्या बाईंना ठाऊक होते.

"कातडीचे टाके घालायचे ना?" सिस्टरांनी सुई पुढे केली.

बाईंचा हात पुढे झाला नाही. वर्षभराने कुणी दोष देणार नव्हते. वय झालेले, जखम मोठी, नशीब. कारणे रांगेने उभी होती. शिवाय नुकताच मिळालेला तो एक शब्द होता.

"सर," त्या म्हणाल्या. "मी फिरवून बसवलंय."

सर दारातून परतले. पडद्याजवळ गेले. बाईंनी चिमट्याच्या टोकाने ती वाहिनी दाखवली. सर बराच वेळ पाहत राहिले.

"थोडं इकडेतिकडे होतंच," शेवटी ते हलक्या आवाजात म्हणाले. "उसवलंस तर टोकं पुन्हा छाटावी लागतील. दोन मिलीमीटर जातील, सांध्यावर ताण येईल. तेही नुकसानच आहे, बघ. वीस मिनिटं हाताला रक्त देऊन मगच पट्टा परत आवळता येईल, ते वेगळं."

"थोडं नाहीये, सर. पाव वळसा आहे."

काकांची नाडी मोजणाऱ्या यंत्राची टिकटिक तेवढी चालू राहिली.

"ताई?" पडद्यापलीकडून प्रश्न आला. "सगळे गप्प का झाले?"

भूलतज्ज्ञांनी मान बाईंच्या कानाशी आणली आणि कुजबुजत विचारले, "झोपवू का त्यांना?" त्यांचा अंगठा औषधाच्या सिरिंजवर आधीच टेकला होता. त्यांच्या मनात काही वाईट नव्हते. घाबरलेल्या रोग्याला झोप देणे ही दयाच असते. बाईंनी क्षणभर त्या अंगठ्याकडे पाहिले. मग मान हलवून नकार दिला, हात कशाला लागू नयेत म्हणून छातीशी धरले आणि पडद्याला वळसा घालून त्या काकांच्या डोक्याशी जाऊन उभ्या राहिल्या.

"काका, सांधा चुकीचा बसला. माझ्याकडून. आतल्या जुड्या समोरासमोर आल्या नाहीत. उसवून परत बसवावा लागेल. त्यात थोडी लांबी जाईल, आणि हात कितपत सुधारेल, याची खात्री मला देता येणार नाही. तसाच ठेवला तर मात्र बोटं एकमेकांची कामं करायला लागतील."

काका छताच्या दिव्याकडे पाहत होते.

"बाहेरून दिसतंय?"

"नाही."

"मग तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. मलाच दिसलं."

यंत्राची टिकटिक एकाएकी जलद झाली. भूलतज्ज्ञांनी आकड्याकडे पाहिले.

"काका, घाबरू नका हं," ते म्हणाले.

"घाबरलो नाही हो," काका म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले. मग म्हणाले, "उसवा. पण त्याआधी एक करा, ताई. शिवण्याआधी आम्ही सगळे फर्मे, म्हणजे पानांच्या घड्या, एकावर एक रचतो आणि त्यांच्या पाठीवरून एक तिरकी रेघ ओढून ठेवतो. एखादा फर्मा चुकीचा बसला, तर रेघ तुटते. आंधळ्यालासुद्धा कळेल."

बाई जागेवर परतल्या. पट्टा सैल होता, रक्त वाहत होते, खरी वाहिनी भरलेली होती. खूण करायची असेल तर हीच वेळ होती. त्यांनी निळी शाई मागितली आणि सुईच्या टोकाने दोन्ही तुकड्यांवर, छाटणीच्या हद्दीपासून बऱ्याच दूर, त्या वाहिनीला धरून एक तिरकी रेघ ओढली.

मग वाट पाहणे आले. वीस मिनिटे. सिस्टरांनी मेजावरची हत्यारे सरळ केली आणि थोड्या वेळाने पुन्हा सरळ केली. सर बाहेर निघून गेले. बाईंनी त्याकडे पाहिले नाही. त्या बोटांच्या गुलाबी टोकांवर नजर लावून बसल्या.

पट्टा पुन्हा आवळला गेला. गोंदाचा पापुद्रा चिमट्यात धरून बाईंनी तो अलगद सोलला. सांधा उघडला. पाते फिरले, दोन मिलीमीटरची, तिळाहून लहान चकती गेली. पहिल्या वेळी टोके आपसूक भिडली होती; आता ती दोन्ही बाजूंनी ओढून धरायला हवी होती, आणि बाईंचा एक हात तर थेंब सोडण्यात गुंतणार होता.

"मी धरतो," मागून आवाज आला.

सर नव्याने हात धुऊन, मोजे चढवून उभे होते. त्यांनी आपले म्हातारे चिमटे दोन्ही बाजूंनी लावले. ते जराही थरथरले नाहीत. वरची निळी रेघ खालच्या निळ्या रेघेला येऊन मिळाली.

"सोड," सर म्हणाले.

दोन थेंब पडले. सिस्टर मोजू लागल्या. या वेळी पडद्यापलीकडून काकाही त्यांच्याबरोबर मनातल्या मनात मोजत असावेत. कारण 'साठ' हा शब्द दोघांच्या तोंडून एकदमच आला. पट्टा सुटला. वाहिनी भरली आणि सांध्यावरून सरळ रेषेत खाली गेली. या वेळी सरांनी 'छान' म्हटले नाही. मोजे काढताना त्यांनी आपल्या कोपराने बाईंच्या कोपराला किंचित स्पर्श केला, इतकेच.

दुसऱ्या दिवशी बाई वॉर्डात गेल्या, तेव्हा काका खिडकीकडे तोंड करून बसले होते. मनगट वाकवून प्लास्टरच्या पट्टीत बांधले होते.

"दुखतंय का?"

"दुखतंय ते वेगळंच," काका म्हणाले. त्यांनी मान वळवली नाही. "ताई, तुमच्या प्रबंधाच्या पाच प्रती होत्या. चार नीट झाल्या. पाचवीला मी रेघ ओढली नव्हती. एकाच प्रतीला काय ओढायची, म्हटलं. सरस वाळल्यावर लक्षात आलं. सातवा फर्मा उलटा बसलाय. बाहेरून दिसत नव्हतं. तीच तुम्हाला दिली."

बाई खाटेच्या कडेवर बसल्या.

"नऊ वर्षं झाली. रस्त्यात तुम्ही दिसलात की मी दुकानात आत जायचो."

संध्याकाळी बाईंनी घरच्या कपाटातून तो काळा, सोनेरी अक्षरांचा ग्रंथ काढला. नऊ वर्षांत तो कुणी उघडला नव्हता, त्यांनीही नाही. सातव्या फर्म्याची सोळा पाने डोक्यावर उभी होती. त्यांत प्रयोगातल्या उंदरांच्या, शाईत बुडवून उमटवलेल्या पावलांचे तक्ते होते. सगळे उंदीर शिस्तीत उलटे चालले होते. बाई एकट्याच बसून कितीतरी वेळ हसत राहिल्या. मग त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले.

तिसऱ्या दिवशी मलमपट्टी झाल्यावर त्यांनी तो ग्रंथ काकांच्या डाव्या हाताखाली ठेवला.

"हा उसवून द्या."

काकांनी बांधलेल्या हाताकडे पाहिले.

"कुणा दुसऱ्याला..."

"नको. ज्या हातानं बांधलाय, त्याच हातानं उसवायचा. उजव्या."

"तो जागा झाला तर."

"तंतू दिवसाला एक मिलीमीटर चालतो, काका. मला घाई नाही."

काकांनी डाव्या हाताची वीत उजव्या मनगटापासून अंगठ्याच्या टोकापर्यंत लावून पाहिली, मनाशी काही हिशेब केला आणि ग्रंथ उशाशी ओढून घेतला.

"मग तोवर उंदरांना उलटंच चालू दे," ते म्हणाले.

खिडकीतले ऊन सरकत त्या काळ्या पुठ्ठ्यावर आले. आत कुठेतरी, कुणालाही न दिसणारा एक कोवळा तंतू निळ्या रेघेच्या आधाराने पहिले पाऊल टाकत असेल. त्याला त्याचे गाव सापडो. आणि उसवण्याचे धैर्य ज्या ज्या हातांनी केले, त्या सर्व हातांना पुन्हा जोडण्याचे सुख लाभो.