पहिल्या पानावरचं भोक

रफूवाल्या काकूंचं दुकान जिन्याखाली होतं. एक टेबल, दोन खुर्च्या, कोपऱ्यात इस्त्री आणि एक मोठी खिडकी. रफूला उजेड लागतो, बाकी काही नसलं तरी भागतं. कोटाच्या आतल्या शिवणीतून त्याच कापडाचा धागा काढायचा आणि भोकावर एकाखालून एक, एकावरून एक असा विणत न्यायचा. काम नीट झालं तर भोक कुठे होतं ते कोटाच्या मालकालाही सापडत नाही. काकूंचं काम नेहमीच नीट होत असे, आणि हे त्या स्वतःच सांगत. खोटी नम्रता त्यांना जमत नसे.

नवऱ्याने त्यांना हे काम शिकवलं होतं आणि कामाबरोबर एक शिस्तही. भोक कसं पडलं ते विचारायचं नाही. पावतीवर नाव घालायचं नाही, नुसता नंबर. रस्त्यात गिऱ्हाईक दिसलं तर ते हसल्याशिवाय आपण हसायचं नाही. कारण रफूला येणाऱ्या निम्म्या कपड्यांच्या मागे काहीतरी लपवायचं असतं. कुणी भावाची शाल न विचारता नेलेली असते, कुणी सिगरेट सोडल्याची शपथ घेऊन बाहीला भोक पाडलेलं असतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि मूठ झाकून ठेवायचेच काकू पैसे घेत.

पण जे काम दिसत नाही ते लोकांना कळणार कसं? काम पाठवणारी लाँड्री बंद पडली आणि समोरची खुर्ची दोन महिने रिकामी राहिली.

"आई, वेबसाइट कर," लेक म्हणाली. "नाहीतर दुकान बंद कर आणि माझ्याकडे राहायला ये."

लेकीकडे राहायला जायचं ही कल्पनाच काकूंना नको वाटे. लेक चांगली होती, जावई त्याहून चांगला. त्या घरात काकूंना करायला काहीच नव्हतं, इतकं ते घर चांगलं होतं. त्या वेबसाइटवाल्याकडे गेल्या.

वेबसाइटवाला एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर बसत असे. लॅपटॉपवरची नजर न काढता तो म्हणाला, "कितीला पडेल ते तुम्हाला काय काय हवंय त्यावर आहे."

"माझ्याकडेही तसंच असतं," काकू म्हणाल्या. "पण मी आधी भोक बघते."

त्याने आकडा सांगितला. दुकानाचं चार महिन्यांचं भाडं! काकूंनी घासाघीस केली आणि तीन महिन्यांवर आणलं. त्या खूश झाल्या. काय कमी केलं म्हणून भाव उतरला, ते विचारायचं मात्र राहून गेलं. वेबसाइट चालू व्हायच्या आधी ती काकूंना दाखवायची आणि त्यांचा होकार घ्यायचा, हे त्याने कमी केलं होतं.

फोटो लेकीने काढले. एका रविवारी येऊन तिने दुकानात होते तेवढे कपडे टिपले, रफूच्या आधी आणि आठवड्याने रफूनंतर. काकू म्हणाल्या होत्या, "कपडा ओळखू येईल असं काही नको. नुसतं बोटभर कापड घे." लेकीने बोटभर घेतलं, पण सोबत दोन-चार पूर्ण कपड्यांचेही घेतले. फोटो चांगले आले होते, गाळवेनात, म्हणून तिने सगळेच वेबसाइटवाल्याकडे पाठवले.

शुक्रवारी दुपारी वेबसाइट चालू झाली. लेकीने ओळखीच्या सगळ्यांना पाठवली आणि मग आईला फोन केला. काकूंनी मोबाइल खिडकीशी धरला आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

पहिल्याच पानावर, पानभर, एक कोट होता. करड्या चौकटीचा, पुरुषी, जुना. छातीपाशी इस्त्रीच्या टोकाचा जळका डाग आणि त्यात भोक. खालून दुसरं बटण बाकीच्यांहून वेगळं, तपकिरी. शेजारी 'नंतर'चा फोटो असायला हवा होता, तो नव्हताच.

"अहो, तो फोटो मी गाळला," वेबसाइटवाला फोनवर म्हणाला. "त्यात काही दिसतच नव्हतं. नवा कोट वाटत होता."

"तेच तर माझं काम आहे!"

"भोक कसं उठून दिसतं."

"ते आधी काढा. आत्ता."

"मी गावाला निघालोय. सोमवारी बघतो. आणि एकदा चालू झाल्यावर बदल केला तर त्याचे वेगळे पडतात."

"वेगळे घ्या, पण काढा," काकू म्हणाल्या. फोन ठेवून त्यांनी पुन्हा वेबसाइट उघडली.

तो कोट एका तरुण सुनेचा होता. म्हणजे तिचा नव्हता, तिच्या गेलेल्या सासऱ्यांचा. सासूबाई तो कपाटात टांगून ठेवत आणि रोज एकदा कपाट उघडत. त्या पंधरा-वीस दिवस बाहेरगावी गेल्या असताना सुनेने चांगुलपणाने इस्त्री करायला घेतला, तेवढ्यात बाळ रडलं आणि ती इस्त्री तशीच ठेवून धावली. काकूंनी काही विचारलं नव्हतं. तिनेच खुर्चीत बसून सगळं सांगून टाकलं होतं. "त्यांना कळलं तर मला त्या घरात उभं राहता येणार नाही हो," ती म्हणाली होती. "आत्ताच त्यांना वाटतं, मी त्यांच्या घरातलं सगळं हळूहळू मोडीत काढतेय." गुरुवारी ती कोट घेऊन गेली होती. कोट कपाटात परत गेला होता, कुणाला पत्ता लागला नव्हता, आणि शुक्रवारी काकूंनी स्वतःच्या पैशाने ते भोक गावभर टांगलं होतं.

शनिवार-रविवार काकूंचा जीव टांगणीला लागला. सुनेला कळवावं तर पावतीवर नुसता नंबर, ना नाव ना पत्ता. दर अर्ध्या तासाने त्या मोबाइल उघडून कोट पाहत, जणू त्यांनी पाहिला नाही तेवढ्या वेळात दुसरं कुणीतरी पाहील. लेकीने सांगितलं की एकशे दहा जणांनी वेबसाइट पाहिली, मग एकशे साठ. तिचा आवाज आनंदाने फुलला होता. दोन नवी गिऱ्हाइकंही आली. काकूंनी त्यांचे कपडे घेतले आणि प्रत्येकाच्या तोंडाकडे संशयाने पाहिलं. हात दाखवून अवलक्षण ते हेच, त्या मनाशी म्हणाल्या, आणि वर अवलक्षणासाठी तीन महिन्यांचं भाडं मोजलं.

सोमवारी बाराच्या सुमारास कोट पानावरून गेला. काकूंनी चार वेळा तपासलं, मग पहिल्यांदा पोटभर जेवल्या.

मंगळवारी सकाळी एक म्हाताऱ्या बाई दुकानात आल्या. हातात पिशवी. पिशवीतून त्यांनी करड्या चौकटीचा कोट काढला, टेबलावर पसरला आणि समोरच्या खुर्चीत बसल्या.

"शेजारणीने मोबाइलवर दाखवलं," त्या म्हणाल्या. "हे तपकिरी बटण मी लावलंय. मूळचं हरवलं होतं, तर ह्यांच्या दुसऱ्या कोटाचं काढून लावलं. दोन दिवस मी या कोटावरून बोटं फिरवतेय. मला भोक सापडत नाही. पण आतली पट्टी बघितली, तिचे धागे कमी झालेत. मीही शिवण केलीय आयुष्यभर. तेव्हा मला फसवू नका. कुठे होतं?"

काकूंनी छातीपाशी बोट ठेवलं. आता लपवण्यात अर्थ नव्हता.

"कशाने?"

"इस्त्रीने."

म्हाताऱ्या बाईंचे ओठ घट्ट मिटले. रागापेक्षा त्यात दुसरंच काहीतरी होतं, जणू बरेच दिवस वाटत होतं ते खरं ठरल्याचं समाधान. काकूंना त्या समाधानाचीच भीती वाटली. हा कोट आता घरी जाईल, सुनेसमोर पसरला जाईल, आणि पुढची वीस वर्षं रोज एकदा पसरला जाईल.

"तिनेच ना?" म्हाताऱ्या बाईंनी विचारलं. "आमच्या सुनेने."

"नाही," काकू म्हणाल्या. "मी."

"म्हणजे?"

"ती बटण घट्ट करायला घेऊन आली होती. तुमचं ते तपकिरी बटण सैल झालं होतं, म्हणाली सासूबाईंच्या लक्षात यायच्या आधी करून द्या. मी वर इस्त्री फिरवायला घेतली आणि..." काकूंनी कोपऱ्यातल्या इस्त्रीकडे पाहिलं, कारण बाईंकडे पाहवेना. "तिला मी सांगितलंच नाही. रफू केलं आणि दिला. वर फोटोही लावला. चूक माझी आहे."

म्हाताऱ्या बाईंनी आधी काकूंकडे पाहिलं, मग इस्त्रीकडे, मग कोटाकडे. खोटं पकडलं जातंय की काय, असं काकूंना वाटलं. पण त्या बाईंच्या चेहऱ्यावरचं ते समाधान हळूहळू विरलं. त्यांनी बटण चिमटीत धरून ओढून पाहिलं. ते घट्ट होतं.

"बटण सैल झालेलं तिच्या लक्षात आलं?" त्या पुटपुटल्या. मग आवाज चढवून म्हणाल्या, "आणि तुम्ही! लोकांच्या गेलेल्या माणसांच्या वस्तू असतात या. एवढ्या वर्षांचा धंदा म्हणता, आणि हातात कोट दिला तर जाळता? लाज वाटायला हवी."

"वाटते," काकू म्हणाल्या. त्याही वाक्यात खोटं होतं, पण चेहरा उतरलेला खरा होता. एकवीस वर्षांत त्यांच्या हातून एक रुमालही खराब झाला नव्हता.

संध्याकाळी लेकीचा फोन आला. वेबसाइटवर पहिला अभिप्राय पडला होता. तिने तो वाचून दाखवला: "रफू चांगलं करतात, पण भोकही स्वतःच पाडतात. माझ्या मिस्टरांचा कोट इस्त्रीने जाळला आणि आमच्या सुनेपासून लपवून ठेवलं. कपडे देण्याआधी विचार करा."

"कोण आहे ही बाई? मी त्या वेबसाइटवाल्याला सांगते, आत्ताच्या आत्ता काढायला लावते."

"राहू दे."

"राहू दे काय? आई, हे वाचून कोण येणार आहे? सगळे पैसे पाण्यात जातील."

"काढलं तर ती बाई पुन्हा विचार करत बसेल. राहू दे म्हणते ना."

लेक थांबली. मग तिचा आवाज एकदम मऊ झाला, आजारी माणसाशी बोलतात तसा.

"आई, खरं सांग. तुझ्या हातून जळला का?"

काकूंनी टेबलावर ठेवलेला हात उलटा करून पाहिला. लेकीला सांगितलं तर लेक जावयाला सांगणार, जावई हसत हसत कुणाला तरी सांगणार.

"हो," त्या म्हणाल्या. "माझ्याच हातून."

"मग आता पुरे कर ना गं. डोळे, हात, वय झालंय तुझं. मी रविवारी गाडी घेऊन येते. सामान तरी काय आहे तुझं."

काकू काही बोलल्या नाहीत. लेकीने तो होकार धरला, आणि जावयाला हाक मारून सांगू लागली की मागची खोली रिकामी करायला हवी.