पुलाच्या पोटातली टाळी

पुलाखाली मुंगी शिरायला जागा नव्हती. या काठावरून त्या काठावर एका झेपेत गेलेला काँक्रीटचा पूल. बांधणीसाठी राजधानीत मोठा पुरस्कार मिळवलेला. त्याच्या सावलीत पांढऱ्या झग्यातले काकोमा बाबा.

"पुरस्कार काय सिमेंटला देतात होय?" बाबा गरजले. "बुडालेल्यांचे आत्मे यात राहतात, म्हणून दिला! त्यांना हात नाहीत, पाय नाहीत. उरलाय तो फक्त आवाज!"

सगळ्यांच्या पुढे म्हातारी नासिलेले, हातात गायीची दोरी. गेल्या पुरात तिचा लेक मुबिता होडीसकट गेला. प्रेतही हाती लागलं नाही. घरात बोलायला आता ती आणि चूल. मुबिता पुलातून बोलू लागल्यापासून ती रोज इथे यायची.

"आई," वर आवाज घुमला. "गाय दे बाबांना. नाहीतर माझा आवाज बंद होईल."

तिचे डोळे भरले. पण पोटचा पोर झाला तरी भेटीची रीत ती रीत, आणि बाबांच्या घाईत ती रीत रोजच राहून जायची. नासिलेले गुडघ्यांवर बसली आणि आमच्यात भेटल्यावर वाजवतात तशी टाळी तिनं वाजवली. टप, टप, आणि शेवटची अगदी हलकी.

काँक्रीटच्या आतून उत्तर आलं. टप, टप, आणि शेवटची अगदी हलकी.

"चमत्कार!" गर्दी ओरडली.

नासिलेले उठून उभी राहिली. "बाबा, हात नाहीत म्हणालात ना?"

"ही... ही आत्म्याची टाळी, आजी."

"शेवटची हलकी वाजवायला मी दोघांनाच शिकवलं. एक नदीत गेला. दुसरा त्याचा दोस्त, माझ्याच चुलीवरचं खाऊन वाढलेला." ती पुलाच्या राखणदाराकडे वळली. "मुंडिया, या पुलाला दार आहे का रे?"

"आहे की. पूल आतून पोकळ आहे, माणूस उभा चालेल एवढा. म्हणून हलका, म्हणून एवढा लांब गेला. पुरस्कार त्याचाच तर!"

"मग इतके दिवस दातखीळ बसली होती?"

"दाराचं कुणी विचारलंच नाही, आजी. किल्ली लिकांडोकडे असते, झाडलोटीला."

"लिकांडो! बाहेर ये, मेल्या!"

काठाजवळचं लोखंडी दार करकरलं. हातात पत्र्याचं नरसाळं घेऊन लिकांडो उतरला. पाणी जायच्या भोकाला नरसाळं लावलं, की आवाज खाली घुमायचा. बाबा निसटले, पण झगा काटेरी झुडपात अडकला. सोडवायला एकही आत्मा धावला नाही.

लिकांडो गुडघ्यांवर बसला, टाळी वाजवली. नासिलेलेनं ती परतवली नाही.

"माझ्या लेकाचा आवाज काढताना लाज नाही वाटली?"

"वाटायची, आई. पण तुम्ही रोज यायचात... हसायचात."

नासिलेलेनं त्याच्याकडे पाठ फिरवली. मग ती गर्दीवर उखडली.

"वर तोंडं करून काय बघता? भिंत बोलली तर हात जोडू नका, आधी दार शोधा. आणि रडणाऱ्याला कुणी त्याच्या मेलेल्याचा आवाज विकायला आलं, तर दहा वेळा शोधा. मला एकदाही सुचलं नाही, कारण मला ऐकायचं होतं."

गाय घेऊन ती एकटीच पुलावरून घरी निघाली. मधोमध थांबली, कान दिला. खाली नदी वाहत होती. पूल गप्प होता, आणि तिला व तिच्या गायीला नीट पलीकडे नेत होता.