फाटकाबाहेरचा मंगळवार

दिवाळीनंतरच्या दुसऱ्या मंगळवारी वेणू सुक्या बोंबलाच्या दोन पाट्या घेऊन नरपडहून आली, तेव्हा मिशनचं फाटक बंद होतं. डहाणूपर्यंत रिक्षा, तिथून आशागड-चारोटीवरून तलासरीची एसटी आणि पुढे डोंगरपाड्यापर्यंत जीप, एवढा प्रवास करून ती आली होती. बरोबर नरपडच्या आणखी चौघी होत्या. फाटकावर नवा पांढरा बोर्ड टांगलेला होता. आवारात विक्री करण्यास मनाई आहे, असं त्यावर लिहिलं होतं.

"माझ्याकडे बघू नको, वेणूबाय," वॉचमन काळ्या म्हणाला. "फादरांनी लावलाय. बाहेरून पाहुणे येतात, त्यांना मासळीचा वास येतो."

"माझी सासू इथेच बसायची. तेव्हा वास नव्हता?"

काळ्याने पाटी रस्त्याच्या कडेला उतरवायला हात लावला.

मिशनच्या बांबू विणायच्या शेडमध्ये रूपीला हे कळलं तसा तिने हातातला कोयता ठेवला आणि ती फाटकाशी आली. रूपी चाळिशीची वारली बाई. तिचा पाडा टेकडीपलीकडे, दीड तासाच्या वाटेवर. सातवीपर्यंत ती याच मिशनच्या वसतिगृहात राहून शिकली होती आणि आता शेडमधल्या एकोणीस बायकांत तिचा हात सगळ्यात चांगला होता. मासळीवाल्यांची पाटी तर तिनेच विणावी. बुड असं विरळ की खारं पाणी झरून जाई, आणि काठ असा दुहेरी की भरली पाटी डोक्यावर घेतली तरी वाकत नसे.

या मंगळवारच्या बाजारात पैसे क्वचितच दिसत. वेणू बोंबील, सुकट, खारवलेली मासळी द्यायची आणि पाड्यावरच्या बायका तांदूळ, वाल आणि पाट्या द्यायच्या. स्पेनहून आलेल्या एका फादरांनी हा बाजार सुरू केला होता. तेव्हा रस्ता नव्हता. सीमेपलीकडचे व्यापारी बैलगाड्या घेऊन यायचे, गवत, मोहाची फुलं, टोपल्या भरून न्यायचे आणि बदल्यात थोडं मीठ आणि कापडाचे तुकडे टाकून जायचे. ते फादर किनाऱ्यापर्यंत सायकलने गेले आणि कोळणींना म्हणाले, तुम्हीच वर या. माझ्या आवारात बसा, मध्ये कोणी उभा राहणार नाही. त्यांचं वारली बोलणं ऐकून बायका पदर तोंडावर धरून हसायच्या, असं म्हाताऱ्या सांगत. पाड्यावरच्या घरांतला वारल्यांचा हिरवा देव तिथेच राहिला, भगतही राहिला. फादरांना ते पटत नसे, पण पुढे त्यांनी तो विषय काढणं सोडून दिलं. चर्चच्या मागे त्यांची कबर आहे.

आता तिथे फादर नविन होते. दोन वर्षांपूर्वी आलेले, कामसू, मुलांशी प्रेमाने वागणारे. पण परदेशातून येणारी मदत थांबली होती आणि वसतिगृहाचं छप्पर तीन ठिकाणी गळत होतं. चारोटीला गोदाम असलेल्या जिग्नेशशेठने त्यांना वाट दाखवली. मोठमोठ्या रिसॉर्टना बांबूचे दिवे आणि फळांच्या परड्या पुरवायचा त्याचा धंदा होता.

त्या मंगळवारी वेणू आणि तिच्या सोबतिणी रस्त्याच्या कडेलाच बसल्या. ट्रकांची धूळ बोंबलांवर बसत राहिली.

शुक्रवारी फादरांनी शेडमधल्या सगळ्यांना हॉलमध्ये बोलावलं. टेबलावर कागदांची चळत होती. शेजारी जिग्नेश बसला होता.

"वर्षभर काम मिळेल," फादर म्हणाले. "रोजची मजुरी मिळेल. बांबूही शेठच पुरवणार. फक्त सही करायची."

बायका रांगेत उभ्या राहिल्या. पुढच्या दोघींनी अंगठे उठवलेसुद्धा. रूपीने आपला कागद घेतला आणि खिडकीशी जाऊन वाचायला लागली. तिला वेळ लागला. मागच्या बायका कुजबुजायला लागल्या.

"फादर," ती म्हणाली, "इथे लिहिलंय, तीन वर्षं दुसऱ्या कोणासाठी विणायचं नाय. घरीपण नाय."

"ते तर असंच असते, बेन," जिग्नेश म्हणाला. "माझी डिझाईन बाहेर जायला नको ना."

"मासळीची पाटी तुमची डिझाईन आहे का?"

"पाटी आता कोणाला जोईए? प्लास्टिकचे क्रेट आले. तुम्ही दिवा करा, परडी करा. हात तोच, नाव मोठं."

"नाव कोणाचं मोठं?"

जिग्नेश हसला आणि त्याने फादरांकडे पाहिलं. रूपीने कागद टेबलावर उलटा ठेवला.

"मी तुमचं काम करीन. दिवे विणीन. पण घरी गेल्यावर माझे हात माझे. ही ओळ काढा, मग सही करते."

"ओळ निघणार नाय," जिग्नेश म्हणाला.

रूपी बाहेर पडली. तिच्यामागे एकेक करत सात जणी बाहेर आल्या. अकरा जणींनी सही केली. त्यात तिची जिवाभावाची मैत्रीण भिकीही होती. भिकीचा नवरा पायाने अधू, घरात दोन लहान पोरं. सही करताना तिने रूपीकडे पाहिलं नाही. रूपीला त्याचा राग आला नाही. वाईट मात्र फार वाटलं.

संध्याकाळी फादरांनी तिला ऑफिसात बोलावून घेतलं. बसायला खुर्ची दिली.

"रूपी, तू इथेच वाढलीस. मला तुला दुखवायचं नाही. पण वसतिगृहात जागा कमी आहेत. पुढल्या महिन्यापासून आधी शेडमध्ये काम करणाऱ्यांच्या मुली घ्यायच्या, असं ठरलंय."

रूपीची मुलगी शितल वसतिगृहात होती. दहावीत.

"म्हणजे शितलला काढणार."

"तसं मी म्हटलं नाही. विचार कर, एवढंच म्हणतोय."

रूपी उठली. "तुम्ही काढायच्या आधी मीच नेते. तिला धरून मला कोणी वाकवायचं नाय. शाळेतून तर काढता येत नाय ना?"

"नाही," फादर म्हणाले. त्यांचा आवाज उतरला होता. "शाळा सगळ्यांची आहे."

"मग झालं."

शितलची पत्र्याची पेटी तिने डोक्यावर घेतली आणि मायलेकी टेकडी चढायला लागल्या. अर्ध्या वाटेपर्यंत शितल पुढे पुढे चालली. मग थांबून म्हणाली, "आये, मार्चमध्ये माझी परीक्षा आहे. तुला माहीत आहे ना?"

"माहीत आहे."

"रोज तीन तास चालण्यात जाणार. अभ्यास कधी करू? एका कागदावर सही केली असतीस तर काय झालं असतं? सगळ्या करतात. तुला माझ्यापेक्षा टोपल्या मोठ्या."

रूपीकडे उत्तर होतं, पण ते सोळा वर्षांच्या पोरीला पटणारं नव्हतं. "चल, अंधार पडेल," एवढंच ती म्हणाली. त्यानंतर तीन आठवडे शितल तिच्याशी कामापुरतंच बोलली. सकाळी उजाडताच निघायची, संध्याकाळी पाय ओढत यायची. तिच्या टाचांना पडलेल्या भेगा पाहून रूपीला दोनदा वाटलं की जावं आणि सही करून यावं. एकदा ती फाटकापर्यंत गेलीही. आत शेडमध्ये बांबूच्या दिव्यांची रास दिसली आणि ती मागे फिरली.

बाजाराला जागा मिळाली ती अगदी फाटकासमोर. रस्त्यापलीकडचं भाताचं शेत लाडकीचं होतं. लाडकी म्हणजे भिकीची सासू, ऐंशीच्या घरातली, कमरेत वाकलेली. कापणी झाली होती, रान मोकळं होतं. रस्त्याकडेला धुळीत बसलेल्या वेणूचा हात धरून लाडकीने तिला आपल्या शेतात आणून बसवलं.

"घरात भांडण होईल, आजी," रूपी म्हणाली. "भिकीचं काम जाईल."

"काम भिकीचं आहे. शेत माझं आहे. मी कुठे अंगठा दिलाय?"

मंगळवारामागून मंगळवार बाजार भरत राहिला. पहिल्यापेक्षा लहान, पण भरला. जिग्नेशने नरपडला निळे क्रेट फुकट वाटले, ते वेणूच्या शेजारणींनी घेतले. वेणूनेही एक घेतला. आठ दिवसांनी तिने तो कोंबड्या झाकायला लावला. "खाली पाणी साचतं," ती सांगायची, "बोंबील आंबतो. फुकटची वस्तू, पण माल माझा जातो."

पण पाट्या पुरेनात. आठ बायका विणून किती विणणार? पौषात मात्र एक गंमत झाली. लाडकी मंगळवारी पाच पाट्या घेऊन शेतात आली. पुढच्या मंगळवारी सात. सही केलेल्या आणखी दोघींच्या सासवाही तीन-तीन पाट्या घेऊन आल्या. कोणी काही विचारलं नाही. सही केली होती सुनांनी, सासवांना कोणी विचारलंच नव्हतं.

त्याच सुमाराला लाडकीने शितलला शेताकडेच्या आपल्या घरी ठेवून घेतलं. "शाळा समोर आहे. कशाला टेकडी तुडवते?" म्हणाली. शितल ओसरीवर अभ्यास करायची आणि म्हातारी समोर बसून बांबूच्या कामट्या तासायची. आपली आई आणि पाड्यावरच्या निम्म्या बायका विणायला कोणाकडून शिकल्या, हे शितलला तिथे कळलं. भिकी कामावरून आली की तीही हात लावायची. बुड सासू घालायची, काठ सून बांधायची.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी जिग्नेशची गाडी शेताच्या बांधाला येऊन थांबली. त्याच्याबरोबर फादर नविनही उतरले. जिग्नेश सरळ लाडकीपाशी गेला आणि त्याने एक पाटी उचलून काठ निरखला.

"हा भिकीचा हात आहे," तो फादरांना म्हणाला. "माझे दिवे महिनाभर लेट, आणि हे बघा इथे काय चाललंय. करार मोडलाय तिने. मी तिला काढणार."

भिकी फाटकाशी उभी होती. तिचा चेहरा उतरला. रूपी पुढे झाली, पण तिच्याआधी शितल बोलली. शाळेची दुपारची लांब सुट्टी होती आणि ती आजीसाठी भाकर घेऊन आली होती.

"करारात लाडकीआजीचं नाव आहे का?"

"तू कोण?" जिग्नेश म्हणाला.

"रूपीची मुलगी. भिकीमावशीचा कागद मी वाचलाय. सही करणाऱ्या कारागिराने विणायचं नाही, असं लिहिलंय. घरातल्यांनी विणायचं नाही, असं कुठे लिहिलेलं नाही."

"ही म्हातारी विणते? हात बघ तिचे, थरथरतात." जिग्नेशने लाडकीसमोर कामट्यांची जुडी सरकवली. "विणून दाखव. दाखवलंस तर मी जातो."

लाडकीने डोळ्यांवर हात धरून त्याच्याकडे बघितलं. मग खाली बसली. कामट्या हातात घेतल्या तशी बोटांची थरथर थांबली नाही, पण बोटं चुकलीही नाहीत. चार उभ्या, चार आडव्या, एक वर, एक खाली. मध्ये तिने एक कामटी दाताने दाबून मऊ केली. बाजारातलं बोलणं थांबलं होतं. वेणू तांदळाचं माप हातात धरून तशीच उभी राहिली. बुड पुरं झालं, कडा वर वळल्या, बाजूची पहिली फेरी बसली. ऊन पायांवर आलं तरी जिग्नेश गाडीकडे गेला नाही. त्याला जाता येईना.

लाडकीने अर्धी पाटी त्याच्यापुढे ठेवली. "काठाला अजून वेळ लागेल. बसतो का?"

फादरांनी ती पाटी उचलली, उलटी करून बुड पाहिलं आणि जपून खाली ठेवली.

"चला, शेठ," ते म्हणाले. "भिकी उद्या कामावर येईल."

"फादर, कागद..."

"कागद मी वाचलाय. आधी नीट वाचायला हवा होता." मग ते रूपीकडे वळले. "मी शेठना दिलेला शब्द तीन वर्षांचा आहे. तो मला मोडता येणार नाही."

"नका मोडू," रूपी म्हणाली. "आम्ही इथेच आहोत. तीन वर्षं आम्हाला मोजता येतात. पण तो बोर्ड काढला तरी आता आम्ही आत येणार नाय. इथे कोणाची परवानगी लागत नाय."

फादर मान हलवून रस्ता ओलांडून गेले. जिग्नेशची गाडी चारोटीच्या दिशेने निघाली. दिव्यांचं काम चालू राहिलं आणि अकरा जणी तिथे कामाला जात राहिल्या. वसतिगृहाच्या छपरावर नवे पत्रे चढले, ते रूपीनेही पाहिले आणि तिला बरं वाटलं. आत पाड्यांवरच्याच पोरी होत्या.

त्या दुपारी शाळेची घंटा झाली तशी शितल शेतातून निघाली. दोन पावलं जाऊन थांबली.

"आये, पहिला पेपर मराठीचा आहे. त्या दिवशी येशील का शाळेपर्यंत?"

"मंगळवार नाय ना?"

"मंगळवार असला तरी ये," शितल म्हणाली आणि रस्ता ओलांडून पळाली.