पाटीवरची वेबसाइट

मित्रांनो, मी एक जुना ब्रश आहे, आणि आधीच कबूल करतो, मी मत्सरी आहे. माझी गोष्ट ऐकताना मी कुणाला नावे ठेवताना दिसलो, तर हे लक्षात असू द्या.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. तिथल्या बाईंनी मऊ केसांची जुडी निवडून पितळी नळीत बसवली आणि मला लाकडी दांडा जोडला. पाट्या रंगवणारे माझे मालक मला दुकानातून घेऊन आले. पुढची कितीतरी वर्षे आम्ही दोघांनी गल्ल्यांमागून गल्ल्या रंगवल्या. न्हाव्याचे दुकान, दातांचा दवाखाना, चाव्या बनवणाऱ्याची टपरी, सगळ्यांच्या डोक्यावर माझी अक्षरे! पाटी झाली की मालक रस्ता ओलांडून पलीकडे जात, डोळे बारीक करून पाहत आणि म्हणत, "लांबून वाचता आली नाही तर ती पाटी कसली?" येणारे-जाणारे म्हणत, "काय हात आहे!" हात त्यांचा होता हे खरे, पण टोक माझे होते.

मग छापील फलक आले आणि आमचे काम आटले. मी डब्यात उभा राहू लागलो. तरी मालक माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाला हातात धरत नव्हते, एवढे समाधान होते. तेही टिकले नाही.

झाले असे, की जवळच्या नव्या वाचनालयाला आतल्या सगळ्या पाट्या हाताने रंगवून हव्या होत्या. खोल्यांवरच्या, कपाटांवरच्या, जिन्यावरच्या. ग्रंथपालबाईंचा फोन आला. "तुमची वेबसाइट असेल ना? पुढच्या शुक्रवारी समितीला दाखवायची आहे. त्यावरूनच ठरेल."

"आहे की!" मालक म्हणाले.

वेबसाइट तर सोडाच, घरातला कॉम्प्युटरसुद्धा सुनेचा होता. सून औषधांच्या दुकानात कामाला होती, दुपारी घरी येई. सगळे ऐकून तिने कपाळाला हात लावला. "बाबा, थाप मारलीत ना? आता निस्तरा. मी शिकवीन, पण बनवायची तुम्ही."

त्या दुपारी टेबलावर माझ्या शेजारी तो आला. माऊस. दिसायला साबणाची वडी, ना टोक ना केस. त्याला हात लावण्याआधी मालकांनी दोनदा हात धुतले. त्याच्यासाठी मऊ गादी आणली. मला मात्र पत्र्याचा डबा! माझ्या पोटात दुखू लागले.

मालक त्याला माझ्यासारखेच तीन बोटांत धरत आणि अक्षराचे शेपूट संपवावे तसे झटक्यात उचलत. पडद्यावरचा बाण जागचा हलत नसे. "बाबा, उचलायचा नाही, सरकवायचा," सून सांगे. मला आनंदाच्या उकळ्या फुटत. एकदा अक्षरे ठळक करायची खूण सुरू केली, पण शब्द संपल्यावर ती बंद करायला विसरले, आणि सगळे पान जाडजूड होऊन बसले. मी मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या. पण मालक चिवट. चूक शोधत, खूण बंद करत, पुन्हा पाहत. पान सुधारले की लहान मुलासारखे हसत. ते हसू पूर्वी माझ्या वाट्याचे होते.

त्यांना एकच गोष्ट सलत होती. "ही तयार अक्षरं माझी नाहीत," ते कुरकुरत. शेवटी सोमवारी ते ताडकन उठले, पांढरी फळी काढली आणि मला उचलले. मी धन्य झालो! आम्ही अख्खी वेबसाइट फळीवर रंगवली. वर नाव, खाली कामांची यादी, फोन नंबर, आणि कोपऱ्यात सावली दिलेले झकास बटण, 'इथे दाबा'. रंग ओला असतानाच त्यांनी फोटो काढला आणि तो पानावर चढवायला धावले. मला तसेच टेबलावर टाकले. मला त्याचे काय! मी जिंकलो होतो.

सून आली. तिने आपल्या फोनवर पान उघडले आणि बटणावर बोट दाबले. पुन्हा दाबले.

"बाबा, हे बटण तुम्ही रंगवलंय."

"मग? बटणासारखं दिसत नाही?"

"दिसतं. म्हणूनच तर दाबतेय! आणि नंबरवर बोट ठेवलं तर फोन लागायला हवा. हा तर नुसता फोटो आहे. ज्याला दिसत नाही त्याला फोन पान वाचून दाखवतो. ह्यात तो काय वाचणार?"

मालकांचा चेहरा उतरला. नको ऐकू तिचे, मी मनात ओरडत होतो. त्यांनी तिचा फोन घेतला, हात लांब केला, डोळे बारीक केले. स्वतःचे नाव सोडून त्यांना काहीच वाचता येईना. मुंग्यांची रांग नुसती.

"ही पाटी नव्हेच," ते हळूच म्हणाले आणि माऊसकडे वळले.

चार दिवस ते एकेक अक्षर टाईप करत होते. फोटोतले फक्त नाव त्यांनी कापून वर ठेवले. त्या चार दिवसांत माझ्याकडे कुणी पाहिले नाही. रंग केसांत वाळत गेला, आणि मी रागावण्यातच इतका गुंग होतो की मलाही ते उशिरा कळले.

शुक्रवारी फोन वाजला. ग्रंथपालबाईंनी पानावरच्या नंबरवर बोट ठेवले होते. "वर तुमचं नाव आहे ना, ती अक्षरं हातानं काढलीत? समितीला अगदी तशीच हवीत!"

मालक धावत माझ्याकडे आले. मी दगड झालो होतो. त्यांनी मला टर्पेंटाईनमध्ये बुडवले, अंगठ्याने चोळले, पुन्हा बुडवले. केस तुटून त्यांच्या तळहातावर येऊ लागले. "चुकलं रे माझं," ते म्हणाले. इतक्या वर्षांत ते माझ्याशी पहिल्यांदाच बोलले.

वाचनालयाच्या पाट्या नव्या ब्रशने रंगवल्या.

मित्रांनो, नवे जरूर शिका, माऊसशीसुद्धा मैत्री करा. पण जागेवरून उठण्याआधी, ज्याच्याकडून काम घेतलेत त्याला पाच मिनिटे द्या. मालक आता ती देतात. रोज काम संपले की त्या नव्या ब्रशला धुतात, पुसतात, त्याचे टोक बोटांनी जुळवून ठेवतात. मी समोरच पडलेलो असतो. मला ते बघवत नाही.