कार्यवृत्तातली एक ओळ

लेखनिकाने दाराची कडी वाजवली आणि गठ्ठ्यातून चार मतदार चिठ्ठ्या वेगळ्या काढल्या. मतदान रविवारी होतं, आणि या गल्लीत सकाळपासून एकाही घराने चिठ्ठी घेतली नव्हती.

दार उघडलं ते कपडे शिवणाऱ्या बाईने. गळ्यात टेप, मागे मशीनवर अर्धवट झबलं. तिने त्याला लगेच ओळखलं.

"साहेब, तुम्ही! बसा. पाणी मात्र विचारत नाही हं. आमचं पाणी आता कापड रंगवायलाच बरं."

तो हसला नाही. सात वर्षांपूर्वी रंगाच्या कारखान्याबद्दल शाळेत जनसुनावणी झाली, तेव्हा टिपणं घ्यायला तोच बसला होता. एकोणचाळीस माणसं बोलली. संध्याकाळी वरिष्ठांनी कार्यवृत्तासाठी एकच ओळ सांगितली, ती त्याने मुकाट्याने टाइप केली: ग्रामस्थांची हरकत नाही. कारखाना सुरू झाला आणि पुढच्या उन्हाळ्यात विहिरी जांभळ्या झाल्या.

"चिठ्ठी घ्या, ताई. हक्क आहे तुमचा."

"काय करू हक्काचं? आमचं सगळं तुम्ही लिहून घेतलंत. वरच्यांनी वाचलं आणि केराची टोपली दाखवली. तुमच्यावर राग नाही हो. तुम्ही बिचारे भराभरा लिहीत होतात."

त्याने चष्मा काढून उगाच पुसला.

"ताई, ते कागद मी पाठवलेच नाहीत. वर गेलं ते वेगळंच. तुमचं म्हणणं कुणी वाचलंच नाही."

ती स्टुलावर टेकली. गळ्यातला टेप बोटाला गुंडाळत राहिली, मग सोडत राहिली. तो बोलणी खायच्या तयारीने उभा होता.

"मामंजी काय बोलले होते तेव्हा?" तिने विचारलं. "ते उठले तेव्हाच मी लेकराला घेऊन बाहेर गेले होते. नंतर विचारायचं राहून गेलं. आता ते नाहीत."

त्याला शब्दन् शब्द पाठ होता.

"वरिष्ठांकडे बघून म्हणाले, मला लिहितावाचता येत नाही. हे साहेब लिहून घेतायत, ते तुम्ही वाचा. तेवढ्याच भरवशावर मी आज खाडा करून आलोय."

"आणखी?"

"एवढंच. मग मला हात जोडून खाली बसले."