आप्पारावचा उजवा खांदा

आप्पारावला एसटीवर ड्रायव्हर म्हणून लागून एकोणीस वर्षं झाली होती. त्यातली शेवटची पाच त्यानं उजव्या खांद्याच्या धाकात काढली. खांदा पहिल्यांदा निखळला तो विहिरीच्या पायऱ्यांवरून घसरताना. दगडाला धरलेला हात तसाच वर राहिला आणि सगळं अंग खाली गेलं. पालमच्या एका हाड बसवणाऱ्या म्हाताऱ्यानं तो बसवून दिला, पण तेव्हापासून खांद्याला बाहेर पडायची वाटच सापडली. सदरा घालताना, झोपेत कूस बदलताना, एकदा तर नुसती जोराची शिंक आली म्हणून तो निसटला.

शेवटी नांदेडला दुर्बिणीतून ऑपरेशन झालं. सहा आठवडे हात झोळीत होता. मग चार महिने भिंतीवर बोटं चढवायची, रबराचा पट्टा ओढायचा. आप्पारावनं एक दिवस चुकवला नाही. एक्स-रेचा फोटो चांगला आला, डॉक्टरांनी दाखला दिला, आणि तो पुन्हा पालम-परभणी गाडीवर बसला.

तिसऱ्या आठवड्यातच त्याला कळून चुकलं की काम फसलं. वळणावर स्टेअरिंग ओढताना आत काहीतरी सरकायचं, जसं सैल झालेल्या खुंटीवर ओझं टांगल्यावर ती हलते. मग दिवसभर मानेपासून कोपरापर्यंत ठणका. पुन्हा दाखवायला गेला तर फोटो पुन्हा चांगलाच. "थोडं दुखणारच," डॉक्टर म्हणाले. घरी त्याची बायको, दैवशाला, विचारायची, "दुखायलाय का?" तो म्हणायचा, "न्हाई. लय फरक हाय." गोळी मात्र तो स्टँडवर, पाण्याच्या टाकीमागं जाऊन खायचा. आठ महिने असेच गेले.

त्या शनिवारी गाडी गच्च भरलेली. निम्मी माणसं पोखर्णीला नरसिंहाच्या दर्शनाला उतरणारी. फाटा जवळ आला असताना समोरून उसाची ट्रॉली आली आणि तिच्या मागून एक मोटारसायकल एकदम बाहेर निघाली. नवरा-बायको आणि मध्ये लेकरू. आप्पारावनं उजव्या हातानं स्टेअरिंग डावीकडं ओढलं आणि त्याच क्षणी खांदा सुटला. हात मांडीवर पडला, दुसऱ्या कुणाचा असावा तसा. त्यानं डाव्या हातानं चाक धरलं, त्यावर छाती टेकवली आणि ब्रेक दाबला. गाडी रस्ता सोडून खाली उतरली आणि बाभळीपासून वीतभर अंतरावर थांबली.

कुणाला खरचटलंही नाही. माणसं मोटारसायकलवाल्याला बोलत खाली उतरली. एका म्हातारीनं ड्रायव्हरच्या दारापाशी येऊन हात जोडले. "बाबा, तुझ्यामुळं वाचलो बघ." आप्पारावला तिच्याकडं बघवेना.

कंडक्टर राजेश्री केबिनपाशी आली तेव्हा तो पुढं वाकून, हात खाली लोंबता सोडून खांदा बसायची वाट बघत होता. कट्ट आवाज झाला. तिनं तो ऐकला.

"भाऊ, हे कधीपासून चाललंय?"

"आजच झालं."

तिनं त्याच्या खांद्याकडं बघितलं. मग तोच म्हणाला, "परत गाडीवर बसल्यापासून. ताई, आगारात बोलू नका. दुसरं काय येतंय मला?"

"मी न्हाई सांगणार," राजेश्री म्हणाली. "पण उद्यापासून तुमच्या गाडीवर मला ड्युटी नको म्हणून अर्ज देणार हाय. माझी लेक रोज याच गाडीनं कॉलेजला जाती. तिला बी सांगणार, या गाडीत बसू नको."

तिच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर आप्पारावला बरं वाटलं असतं.

गाडी हळूहळू परभणीला नेऊन लावल्यावर त्यानं स्वतःच आगारातल्या साहेबाला फोन केला आणि सगळं सांगितलं. परतीला दुसरा ड्रायव्हर आला. पुढच्या आठवड्यापासून आप्पारावला चौकशीच्या खिडकीत बसवलं. गाड्यांची नावं पुकारायची, लोकांना फलाट सांगायचा. खाकी तीच. पण ओळखीची माणसं विचारायची, "काय ड्रायव्हरसाहेब, आज गाडी न्हाई?" आणि तो माईककडं तोंड फिरवायचा.

दैवशालाला गावातून कळलं. ती भांडली नाही. दुपारी त्याच्या सदऱ्याच्या गुंड्या लावता लावता म्हणाली, "आठ महिने मी रोज इचारत व्हते. मला तरी सांगायचं व्हतं. गाडीत कोण कोण बसलेलं असतंय, त्याचा तरी इचार करायचा." खांदा बसला होता, पण आता तो ताट उचलतानाही सरकायचा. पाठीला उशी लावून, बसल्या बसल्या झोपायची त्याला सवय झाली होती.

तिच्याच आग्रहानं परभणीत दुसऱ्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी मशीनमध्ये घालून आतला फोटो काढला. खोबणीची कडा झिजली होती, ती साध्या फोटोत दिसली नव्हती. "पुन्हा ऑपरेशन करावं लागेल. दुसरीकडचं हाड काढून तिथं बसवायचं," डॉक्टर म्हणाले. "खांदा निसटायचा बहुतेक थांबेल. दुखणं जाईल का, ते सांगता येत नाही. आणि बस चालवायचं मनातून काढा." पंधरा दिवसांनी ठरवून यायला सांगितलं.

पंधरा दिवसांनी तो एकटाच निघाला. त्याचीच गाडी होती, नवा ड्रायव्हर, गर्दी. वरच्या दांडीला उजवा हात जाईना, म्हणून डाव्या हातानं धरून उभा राहिला. राजेश्रीनं एका पोराला उठवून त्याला जागा दिली. त्याला बसावं लागलं.

परभणीला उतरला. दवाखाना स्टँडपासून दहा मिनिटांवर. फाईल काखेत धरून तो रस्त्यापर्यंत गेला, तिथं थोडा वेळ उभा राहिला आणि मागं फिरला. पुन्हा ती झोळी, तो रबराचा पट्टा, रोज सकाळी नव्यानं आशा धरायची. ती आशाच त्याला आता झेपणार नव्हती. बाकड्यावर बसून त्यानं तीन गाड्या जाऊ दिल्या, चौथीनं घरी आला.

दैवशाला दारातच होती. "काय म्हणले डॉक्टर?"

"बघू म्हणले," आप्पाराव म्हणाला आणि आत जाऊन भिंतीला टेकून बसला.