आज काठी, उद्या नाही

मित्रांनो, दारामागे छत्रीशेजारी उभी असते ना, ती मी. जुनी, मुठीजवळ काळी पडलेली काठी. माझ्याकडे सहसा कोणी बघत नाही. बघतात ते मला धरणाऱ्या हाताकडे, मग त्या माणसाच्या पायांकडे आणि शेवटी त्याच्या तोंडाकडे. ही नजर एखाद्यासाठी किती मऊ असते आणि दुसऱ्यासाठी किती टोकदार, ते मी दोन हातांत राहून पाहिलं आहे.

माझा जन्म खुर्च्या बनवणाऱ्या एका सुताराच्या दुकानातला. खुर्चीच्या पाठीसाठी आणलेल्या लाकडातला एक तुकडा उरला होता. सुताराने त्याचं एक टोक वाफेवर धरलं, वाकवलं, दोरीने बांधून ठेवलं. दोरी सुटली तेव्हा माझी मूठ तयार होती. त्याने मला घासलं, तेल पाजलं, खाली रबरी बूच बसवलं आणि दुकानाच्या दारात टांगलं.

मला विकत घेतलं ते टपाल खात्यातून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी. घरोघरी पत्रं वाटून त्यांचे गुडघे गेले होते. मी हातात असले की बसमध्ये माणसं उठून जागा द्यायची. दुकानदार आतून स्टूल आणायचा. रस्ता ओलांडताना गाड्या थांबायच्या. कधीकधी त्यांचे गुडघे अगदी शांत असायचे. मग ते मला हवेत फिरवत चालायचे, रस्त्यातली वाळकी पानं माझ्या टोकाने उडवायचे. तेव्हा, "आज दुखत नाही वाटतं, मग काठी कशाला?" असं त्यांना एकदाही कोणी विचारलं नाही. त्यांचे केस पांढरे होते. तेवढा पुरावा लोकांना पुरत होता.

ते गेले आणि मी दारामागे गेले. माझ्यावर धूळ बसली. छत्री निदान पावसाळ्यात तरी बाहेर पडायची. मी मात्र तिथेच असायचे.

मग एके दिवशी त्यांच्या थोरल्या मुलीने मला हातात घेतलं. वडील तिला 'मोठी' म्हणत, म्हणून सगळेच तिला मोठी म्हणायचे. ती आणि तिचा नवरा आता याच घरात राहत होते. ती एका इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला होती. ओल्या चादरींनी भरलेल्या ढकलगाड्या यंत्रापासून इस्त्रीच्या टेबलांपर्यंत न्यायच्या, हे तिचं काम. एका गाडीचं चाक अडकायचं. बायकांनी ते बरेचदा सांगितलं होतं. एक दिवस ते चाक मध्येच रुतलं, गाडी कलंडली आणि तिचा लोखंडी कोपरा मोठीच्या डाव्या पावलावर आला.

पाऊल मोडलं. प्लास्टर झालं, निघालंही. डॉक्टरांनी हाडाचा फोटो उजेडासमोर धरला आणि म्हणाले, "हाड झकास जुळलंय."

हाड जुळलं, पण दुखणं गेलं नाही. पावलावर कोणी गरम इस्त्री टेकवून ठेवावी तशी आग व्हायची. चादरीची कड लागली तरी ती दचकायची. कधी पाऊल लालबुंद, कधी गार आणि निळसर. आणि एखाद्या सकाळी काहीच नाही, जणू ते पाऊल कधी मोडलंच नव्हतं. तिच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं, "जखम बरी झाली, पण तुमच्या नसांना ते कळलेलं नाही. त्या अजून ओरडतायत. काही दिवस जास्त, काही दिवस कमी."

कामावर दुखापत झाली, म्हणून पगाराचा काही भाग आणि औषधपाणी धुलाईघराच्या विमा कंपनीकडून मिळायचं. हाड जुळेपर्यंत कोणी हूं की चूं केलं नाही. नंतर मात्र प्रश्न सुरू झाले.

पहिला प्रश्न दुकानात आला. ओळखीची एक बाई मला बघून म्हणाली, "अगं, परवा तर तू चांगली चालत होतीस. आज ही काठी कुठून आली?"

"परवा बरं होतं," मोठी म्हणाली.

बाई हसली. त्या हसण्यात मला काहीतरी खुपलं. वडिलांच्या वेळी मी ज्या दुकानात गेले की स्टूल यायचं, ते हेच दुकान. आता स्टूल आलं नाही.

मग विमा कंपनीच्या डॉक्टरकडे जायचं ठरलं. त्यांची खोली दुसऱ्या मजल्यावर होती आणि खिडकीतून फाटक आणि बाहेरचा जिना दोन्ही दिसायचे. मोठी आत गेली तर डॉक्टर खिडकीपाशीच उभे होते. त्यांनी तिला बस म्हणण्याआधी विचारलं, "फाटकातून येताना काठी उजव्या हातात होती. जिन्यात डाव्या हातात. आता पुन्हा उजव्या. नक्की कुठला पाय दुखतो?"

"डावा. जिन्याचा कठडा उजवीकडे होता, म्हणून—"

"बरं, बरं." त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. पाऊल त्यांनी पाहिलं ते अगदी शेवटी, आणि तेही मोजा नीट न काढता.

तेव्हापासून मोठीच्या मनात शंकेची पाल चुकचुकायला लागली. घरासमोर एक करडी गाडी उभी राहायची. आत कोणीतरी बसलेलं असायचं. कधी तो वर्तमानपत्र वाचायचा, कधी नुसताच बसायचा. मोठी पडद्याआडून त्याला बघायची. तो कदाचित कोणाची तरी वाट बघत असेल. कदाचित नसेल.

अशात एक चांगली सकाळ उगवली. पाऊल शांत होतं. मोठीने कितीतरी दिवसांनी कपडे स्वतः धुतले, भरलेली बादली उचलली आणि गुणगुणत गच्चीवर गेली. मी दारामागेच राहिले. ती परत आली ती वरच्या मजल्यावरच्या शेजारणीच्या खांद्यावर हात टाकून. या शेजारणीला सगळे नुसतं 'वरची' म्हणत. मोठीच्या चेहऱ्याचा रंग उडाला होता आणि डावं पाऊल ती जमिनीला लागूच देत नव्हती. वरचीने तिला बसवलं, पाण्याचा पेला हातात दिला आणि म्हणाली, "नवऱ्याला सांग."

"नको. कशाला उचललीस म्हणेल."

तिने नवऱ्याला सांगितलं नाही. तो बसगाड्या दुरुस्त करणाऱ्या आगारात कामाला होता, दमून यायचा. पाय दुखतोय एवढंच तिने सांगितलं.

काही आठवड्यांनी कामगार संघटनेच्या वकीलबाई घरी आल्या. कंपनीने भरपाई थांबवायची मागणी केली होती आणि सोबत फोटो जोडले होते. वकीलबाईंनी ते टेबलावर मांडले. भरलेली बादली, हसरी मोठी, गच्चीचं दार. काठी कुठेच नाही.

"हे वरून काढलेत," मोठी हळूच म्हणाली. "गच्चीवर त्या दिवशी वरचीशिवाय कोणी नव्हतं."

"समोरच्या इमारतीतूनही काढता येतात," वकीलबाई म्हणाल्या. पण मोठीच्या कानांपर्यंत ते पोचलं नाही.

त्या दिवसापासून तिने वरचीशी बोलणं टाकलं. जिन्यात गाठ पडली की ही भिंतीकडे बघायची. वरचीने दोनदा दार वाजवलं, हिने उघडलं नाही. धुलाईघरातली एक मैत्रीण भेटायला आली, तर ती गेल्यावर मोठी नवऱ्याला म्हणाली, "हिला कोणी पाठवलं असेल?" सख्ख्या बहिणीने फोनवर, "आता कसं आहे?" विचारलं, तर हिने, "का विचारतेस?" म्हणून उलट विचारलं. घरात येणाऱ्या प्रत्येक माणसाकडे ती आता डॉक्टरांच्या त्या नजरेने बघत होती.

मित्रांनो, आता एक अवघड गोष्ट सांगते. काठीला जगातलं फार काही कळत नाही, पण भार कळतो. माणूस माझ्यावर खरंच टेकलाय की नुसता मला धरून चाललाय, हे माझ्यापासून लपत नाही. मोठी आता रोज मला घेऊन बाहेर पडायला लागली. कोपऱ्यावर कचरा टाकायला जायचं तरी मी हातात. आणि काही दिवस असे होते की तिचा भार माझ्यावर नव्हता. ती लंगडत होती, पण भार नव्हता. मी घाबरले. ज्या हाताला मी ओळखत होते, त्याच्याविषयी मलाही शंका यायला लागली.

नवऱ्याच्याही ते लक्षात आलं. एकदा तो खिडकीतून तिला बघत होता. ती आत आली तसं त्याने विचारलं, "आज दुखतंय का?"

"नाही. आज बरंय."

"मग काठी? आणि लंगडणं?"

"लोक बघतात ना. काठी नसली तर म्हणतील, खोटं आहे."

तो म्हणाला, "आणि काठी असते तेव्हा खरं कधी असतं, ते मला कसं कळायचं?"

मोठीने मला दारामागे ठेवलं. ठेवलं कसलं, जवळजवळ टाकलंच. मी घसरून छत्रीवर पडले आणि तशीच पडून राहिले.

सुनावणीचा दिवस आला आणि नेमकं त्या सकाळी पाऊल शांत होतं. मोठी पलंगाच्या कडेवर बसून पायाकडे बघत राहिली, जणू त्याने मुद्दाम डाव साधला होता. तिने वकीलबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "जसं आहे तसं या. दाखवण्यासाठी काही करू नका." मोठीने मला उचललं, पण मनगटावर अडकवलं आणि आपल्या पायांनी चालत निघाली.

सुनावणीची खोली लहान होती. निर्णय देणारे साहेब वयस्क होते आणि फारसं बोलत नव्हते. कंपनीचे वकीलच बोलत होते.

"आज काठी लागत नाही?"

"नाही."

"मग आणलीत कशाला?"

"परत जाताना लागेल की नाही ते माहीत नाही म्हणून."

"म्हणजे तुमच्या दुखण्याला काही वेळापत्रक नाही?"

मागे कोणीतरी हसलं. मोठी म्हणाली, "असतं तर बऱ्या दिवशी मी कामावर गेले असते."

मग फोटो निघाले. बादली तीच, हसणारी तीच, सगळं तिने कबूल केलं. वकिलांनी नंतरचे फोटो पुढे केले. "इथे कचरा टाकताना काठी आहे, लंगडणंही आहे. या सगळ्या दिवशी दुखत होतं?"

मोठीने माझी मूठ घट्ट धरली.

"सगळ्या नाही," ती म्हणाली. "काही दिवशी नव्हतं दुखत."

वकीलबाईंनी झटकन मान वर केली. नवरा बाकावर पुढे सरकला.

"म्हणजे नाटक होतं?"

"हो. बरं असलं की मी ते लपवायचे. तुमची माणसं गाडीत बसून बघायची. बरी दिसले तर कायमची बरी ठरेन, अशी भीती वाटायची. दुखण्याचं नाटक मला कधी करावं लागलं नाही. ते आपलं आपण येतं."

वकील काही बोलणार, एवढ्यात वकीलबाईंनी साक्षीदार बोलावला. दारातून वरची आत आली. मोठीचा हात माझ्यावर थिजला.

वरचीला बोलायची सवय नव्हती. ती टेबलाची कड धरून म्हणाली, "बादली घेऊन ही वर आली तेव्हा छान होती. कपडे निम्मे वाळत घातले आणि पाय धरून पायरीवर बसली. पायाला वारासुद्धा सोसवत नव्हता. मीच हिला खाली आणलं. एकेका पायरीवर थांबत." तिने टेबलावरच्या फोटोंकडे बघितलं. "उतरतानाचा नाही का कोणी काढला?"

ती खरंच विचारत होती. साहेबांनीही मग कंपनीच्या वकिलांकडे बघितलं. वकील कागद चाळत राहिले.

निकाल नंतर आला. औषधोपचार चालू राहिले, पगाराचा भाग चालू राहिला, पण थोडा कमी होऊन. दर वर्षी पुन्हा तपासणी करायची अटही घातली. पूर्ण विश्वास काही मिळाला नाही. तो बहुधा कुठल्याच कार्यालयात मिळत नसावा.

पण मला सांगायचं आहे ते सुनावणीनंतरचं. परत येताना बसथांब्यापाशी पाऊल पेटलं आणि मोठीचा सगळा भार माझ्यावर आला. तो भार ओळखीचा होता. त्यात काही खोट नव्हती. दोघं बाकावर बसली. नवरा समोर बघत म्हणाला, "मी वरचीकडे गेलो होतो, पण साक्षीला बोलवायला नाही."

"मग?"

"विचारायला गेलो होतो. तू खोटं बोलतेस का ते."

मोठीने त्याच्याकडे बघितलं नाही. तिने विचारलं, "काय म्हणाली?"

"दार लावून घेतलं माझ्या तोंडावर. म्हणाली, बायकोला विचार. मग पुन्हा उघडलं आणि म्हणाली, सुनावणी कुठे आहे ते सांग. मी वकीलबाईंचा नंबर दिला."

बस आली आणि गेली. कोणी उठलं नाही.

"आणि मी तिच्यावर संशय घेतला," मोठी म्हणाली.

"आणि मी तुझ्यावर."

दुसरी बस आली तेव्हा त्याने तिला हात दिला. एका हाताने तिने तो धरला आणि दुसऱ्या हाताने मला.

फोटो कोणी काढले, ते शेवटपर्यंत कळलं नाही. त्या आठवड्यात मोठी एकदा वरचीकडे गेली. जाताना तिने मला नेलं नाही, म्हणून त्या दोघी काय बोलल्या ते मला ठाऊक नाही. इतकंच सांगते की ती बराच वेळ खाली आली नाही.

आता सकाळी नवरा तिला, "आज कसं आहे?" एवढंच विचारतो. ती बरं म्हणाली तर बरं, दुखतंय म्हणाली तर दुखतंय. उत्तर ऐकून तो तिच्या पायांकडे बघत नाही. माझा मुक्काम अजून दारामागेच असतो. कधी मी तिच्याबरोबर बाहेर जाते, कधी नाही.

मित्रांनो, तुम्हालाही असं कोणीतरी भेटेल. काल हातात काठी होती, आज नाही, उद्या पुन्हा असेल. केस काळे, पाय दिसायला धड. त्यांचे काठीचे दिवस मोजू नका. कसं आहे ते विचारा, आणि येईल ते उत्तर घरी घेऊन जा. आणि काही तपासायचीच हौस असेल, तर तुमच्या घरातल्या काठीच्या तळाचं रबर तपासा. झिजलं की ते घसरतं, आणि त्याकडे कोणाचंच लक्ष नसतं.